चर्चा : कुस्तीच्या दंगलीत हरून रडला तो कच्चा, लढाईवरून येऊन गप्प राहिला तो पक्का?

जागल्या (धागा सुरू करणारा)

नागपंचमीला गावात दंगल होती. शेवटची जोड आमच्या गावच्या पोराची, बैतूलकडून आलेल्या पैलवानाशी. पोरानं पट काढायला, म्हणजे समोरच्याचे पाय ओढायला, हात घातला आणि त्या गड्यानं तोच हात खांद्यावर घेऊन धोबीपछाड मारली. पाठ मातीला लागली. दोन मिनिटंही झाली नसतील. पोरगा उठला, पंचाच्या पाया पडला, समोरच्याला मिठी मारली आणि विहिरीच्या कठड्याशी जाऊन हमसून हमसून रडला.

मला ते पटलं नाही, स्पष्टच लिहितो. आमचे बाबा 1963 साली भरती झाले. चीनच्या लढाईनंतरची ती मोठी भरती. महार रेजिमेंट, ट्रेनिंग मध्य प्रदेशात सागरला. ही रेजिमेंट 1946 पासून मशीनगनवाली होती, साठच्या दशकात तिचं पायदळ झालं. बाबा मशीनगनवर शिकले. डाव्या कानानं त्यांना पुढे कधीच नीट ऐकू आलं नाही. एकाहत्तरच्या पाकिस्तानच्या लढाईत ते सीमेवर शकरगडच्या बाजूला होते. तिथं सुरुंगच सुरुंग पेरलेले होते, हे मला पुस्तकातून कळलं, त्यांच्या तोंडून नाही. 2009 मध्ये ते वारले. तोवर लढाईबद्दल त्यांनी घरात सांगितलं ते एवढंच : "थंडी लय होती." मेडल ट्रंकेत, बियाण्याच्या पावत्यांखाली.

दम म्हणतात तो याला. दोन मिनिटांची कुस्ती हरून गावासमोर रडणं म्हणजे दम नव्हे. आजकालची पोरं आरशासमोर दंड फुगवून व्हिडिओ टाकतात, त्याबद्दल तर बोलायलाच नको.

लंगोटबंद

भाऊ, तुमच्या बाबाले नमस्कार. पण पोराबद्दल लिहिलं ते चुकलं.

म्या पंधरा वर्षं लाल मातीत काढली. माहे दोन्ही कान मोडले हायेत, पुरीसारखे फुगून कडक झाले. सकाळी चारले उठून जोर-बैठका, मग माती खणायची, तिच्यात ताक, तेल, हळद घालायची, मग लढत. खुराकासाठी बापानं एक म्हैस इकली, दुसरी घेतली. अन् हे सारं करून गावासमोर, मामासमोर, सोयरीक पाहायले आलेल्या लोकाईसमोर उताणं पडाचं. हरलेलं झाकता येत नाई. तुमी सौदा हरले तं घरात कोनाले सांगत नाई. पैलवानाले ते सुख नाई.

खाशाबा जाधव 1948 ले लंडनले सहावे आले. तेव्हा कोन इचारलं त्याईले? 1952 ले हेलसिंकीले कांस्य आनलं तवा साऱ्याईले माती आठवली. त्या पोरानं हरल्यावर समोरच्याले मिठी मारली का नाई? मारली. मग रडला तं काय बिघडलं?

निवृत्त मास्तर

विषय चांगला निघाला. मी मातीत उतरलो नाही, पण मुष्टियुद्ध रेडिओवर आणि वर्तमानपत्रांत आयुष्यभर वाचलं-ऐकलं.

1 ऑक्टोबर 1975, मनिला. मुहम्मद अली आणि जो फ्रेझर यांची तिसरी लढत. चौदा फेऱ्या झाल्या. फ्रेझरच्या डाव्या डोळ्याची नजर आधीपासून अधू होती आणि उजवा सुजून मिटत चाललेला. म्हणजे समोरून येणारा ठोसा दिसतच नाही. तरी तो पंधराव्या फेरीला उठायला निघाला होता. त्याचे प्रशिक्षक एडी फच यांनी त्याला बसवलं आणि लढत सोडून दिली. फ्रेझर विरोध करत होता. मला विचाराल तर त्या कोपऱ्यात सगळ्यात कठीण काम फच यांनी केलं. आपल्या माणसाला, त्याची इच्छा नसताना, हरवायचं!

आणि अलीचंही पाहा. 1967 मध्ये त्यानं व्हिएतनामच्या लढाईसाठी अमेरिकेच्या सैन्यात जायला नकार दिला. जगज्जेतेपद काढून घेतलं, परवाने गेले, ऐन उमेदीची साडेतीन वर्षं रिंगणाबाहेर. 1971 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा रद्द केली. जागल्याभाऊंच्या हिशेबात तो कुठे बसतो? तो लढाईवर गेलाच नाही, आणि गप्प तर एक दिवस बसला नाही.

बोंडअळीग्रस्त

मास्तर, माफ करा, पण अलीले इथं कायले आनता? नाई म्हनाची सोय होती म्हनून नाई म्हनला. आमच्या बुढ्याले कोनी इचारलंच नाई, जातो का म्हनून. घरी सात खानारे, तीन एकर कोरडवाहू. फौजेचा पगार याचा. हुकूम आला, गेला. इतकंच.

निवृत्त मास्तर

सोय कसली? पाच वर्षं तुरुंगवासाची शिक्षा झाली होती त्याला, अपिलामुळे आत गेला नाही. बाकी "पगारासाठी गेला" हे तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत. एवढं फार कमी लोक लिहितात.

पुलगावची लेक

हे सगळं वाचून राहवलं नाही. माझे बाबा सैनिक नव्हते, पुलगावच्या दारूगोळा भांडारात कामगार होते. आमच्या वर्धा जिल्ह्यात घरटी असा एक तरी माणूस. बाबाही गप्पच. ड्युटीवरून आले की हातपाय धुवायचे, अंगणात बाज टाकून आढ्याकडे पाहावं तसं आभाळाकडे पाहत पडायचे. आम्ही बहिणी पायाच्या चवड्यावर चालायचो. भांडं पडलं तर आईचं काळीज आधी पडायचं.

31 मे 2016 ला मध्यरात्रीनंतर भांडारात आग लागली, स्फोट झाले, गावंच्या गावं अंधारात रस्त्यावर पळाली. बाबा तेव्हा निवृत्त होते. त्यांनी चप्पल घातली आणि उलट, भांडाराच्या दिशेनं चालू लागले. आईनं हाताला धरून ओढून आणलं. त्या रात्री पहिल्यांदा ते बोलले. पहाटेपर्यंत बोलले. जुने सोबती, कुठल्या शेडमध्ये काय असायचं, कोणाचा हात कसा गेला. आई ऐकत होती आणि मध्येच म्हणाली, "हे तीस वर्षं आधी सांगतले असते तं मले झोप तं लागली असती."

जागल्याभाऊ, तुमच्या बाबांच्या गप्पपणाबद्दल तुमच्या आईला विचारलंय का कधी?

बोंडअळीग्रस्त

ताई, बायाईले सांगून काय फायदा होता? दोघाईनं जागाचं?

पुलगावची लेक

दोघंही जागतच होती भाऊ. वेगवेगळ्या खोलीत.

लंगोटबंद

👆 याले म्हनते चितपट.

निवृत्त मास्तर

शकरगडचं नाव निघालं म्हणून सांगतो. त्याच भागात, बसंतरच्या लढाईत, 16 डिसेंबर 1971 ला सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल रणगाड्यात मारले गेले. वय 21. परमवीर चक्र मिळालं. त्यांचे वडील स्वतः ब्रिगेडियर होते. 2001 मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, ते आपलं जन्मगाव सरगोधा पाहायला पाकिस्तानात गेले. लाहोरला ज्यांच्या घरी उतरले त्या निवृत्त ब्रिगेडियर नासेर यांनी त्यांना सांगितलं, तुमचा मुलगा माझ्या हातून गेला.

यजमानाच्या घरात बसून हे ऐकायचं. आणि तीस वर्षं ते पोटात ठेवून शेवटी त्याच बापाला सांगायचं. यात गप्प राहिला तो मोठा की बोलला तो, मला आजवर ठरवता आलेलं नाही. तुम्ही ठरवा.

जागल्या

ताईंनी विचारलं म्हणून काल आईला विचारलं. आई पंचाहत्तरीची आहे. आधी म्हणाली, "मेलेल्या मानसाचं काय काढतं." मग तूर निवडता निवडता तिनंच जागलीचा, म्हणजे रात्री पीक राखण्याचा, विषय काढला.

आमचं शेत जंगलाला लागून. रानडुकरं एका रात्रीत हरभरा लोळवतात. शेजारचे लोक मचाणावरून सुतळी बॉम्ब फोडायचे, डुकरं पळायची, लोक घोंगडी घेऊन झोपायचे. आमचे बाबा बॉम्ब आणायचेच नाहीत. तेलाचा रिकामा पिपा आणि लाकडी दांडा. रात्रभर पिपा बडवायचे. शाळेत पोरं मला "पिपेवाल्याचा" म्हणायची. मला वाटायचं बाबा चिक्कू आहेत, पाच रुपयांसाठी रात्र जागतात. एकदा मी माझ्या खाऊच्या पैशातून बॉम्बचं पाकीट आणलं, दहा-बारा वर्षांचा असेन. बाबांनी ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि शांतपणे हौदात टाकलं. मी दोन दिवस बोललो नाही त्यांच्याशी.

आई म्हणाली, शेजाऱ्याचा बॉम्ब फुटला की ते मचाणावर खाली बसून जायचे, पिपा छातीशी धरून. डाव्या कानानं ऐकू येत नाही, हे बरंच आहे म्हणायचे. ती भाकर घेऊन जायची तेव्हा तिला दिसायचं. मला माहीत नव्हतं.

तरी मी माझं म्हणणं पूर्ण सोडत नाही. त्यांनी कोणावर हात उगारला नाही, दारू प्यायले नाहीत, हरभरा दरवर्षी घरात आला. हेही मोजा.

पुलगावची लेक

मोजलं भाऊ. पिपा आहे का अजून?

जागल्या

गोठ्यात आहे. आई त्यात सरकी ठेवते.

बोंडअळीग्रस्त

आमचा बुढा अजून हाये. नव्वदीत हाये, कामठीच्या मिलिटरी दवाखान्यात नेतो महिन्याले. आज जाऊन इचारतो काईतरी. सांगन तं सांगन, नाई तं शिव्या देईन.

लंगोटबंद

ते राहू द्या, तो रडनारा पोरगा कोठी हाये? पोळ्याच्या करीले, म्हंजे दुसऱ्या दिवशी, आमच्याकडे दंगल हाये. त्याचा पट चांगला हाये, पन हात उघडा ठेवते, म्हनून सापडला. आठ दिवस माह्याकडे पाठवा. ज्वारीची भाकर अन् दूध आपल्याकडून, बदाम त्यानं आनावे.

जागल्या

सांगतो. त्याच्या बापाचा नंबर देऊ? तो बोलत नाही फारसा, पण फोन उचलतो.