व्हेल शार्कसोबत पोहायला आख्खी बोट घ्यावी का?

सागरगोटा

पुढच्या एप्रिलमध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात निंगलूला जायचं जवळपास ठरलंय, व्हेल शार्कसोबत स्नॉर्केलिंग करायला. आम्ही चौघं. त्यात सत्तरीच्या सासूबाई (पोहण्यात माझ्यापेक्षा सरस, पण उघड्या समुद्रात कधी उतरलेल्या नाहीत) आणि बारा वर्षांचे चिरंजीव. घरात वाद असा की, वीसेक जणांच्या बोटीत चार जागा घ्यायच्या की गाइडसकट आख्खी बोट. मी आख्ख्या बोटीच्या बाजूने आहे आणि ते नुसत्या ऐषआरामासाठी नाही, म्हणून धागा काढतेय. झोडपायला मोकळे आहात.

जगातला सगळ्यात मोठा मासा असला तरी पाण्याच्या वरच्या थरात तो साधारण माणसाच्या चालीने जातो. म्हणून तर फिन्स घालून थोडा वेळ त्याच्या बाजूने पोहता येतं. मोठ्या बोटीत दहा-दहाच्या तुकड्या करतात. एक तुकडी पाण्यात, दुसरी बोटीच्या मागच्या फळीवर पाय सोडून बसलेली. इशारा झाला की सगळे एकदम पाण्यात. मग कुणाच्या मास्कमध्ये पाणी शिरतं, कुणी कॅमेऱ्याच्या नादात थेट माशाच्या तोंडापुढे जातो, कुणी घाबरून सायकल चालवल्यासारखे पाय मारतो. गाइड मासा दाखवायचा सोडून माणसं आवरत बसतो. मालदीवमध्ये साउथ अरीला हे डोळ्यांनी पाहिलंय. शार्क एकच, आणि वेगवेगळ्या रिसॉर्टच्या बोटी चहूकडून त्याच्यावर आलेल्या.

चौघांमागे एक गाइड असला की तो सावकाश पाण्यात उतरवतो, कुणाचा दम लागला तर थांबतो. मुख्य म्हणजे 'हा बुजलाय, याला सोडून देऊ' असं म्हणायची मोकळीक त्याला असते. वीस जणांनी पैसे भरलेले असताना ते म्हणायला छाती लागते.

तळ्यात मळ्यात

बोट प्रायव्हेट आहे की शेअरिंगची हे माशाला कसं कळणार?

तुमचा हिशोब फक्त तुमच्या बोटीपुरता आहे. तुम्ही चौघांनी आख्खी बोट घेतली म्हणून उरलेले सोळा जण घरी बसणार नाहीत, ते दुसऱ्या बोटीने येणार. म्हणजे तेवढ्याच माणसांसाठी बोटी जास्त, इंजिनं जास्त, डिझेल जास्त. निंगलूला एका शार्कजवळ एका वेळी एकच बोट जाऊ शकते, बाकीच्या लांब थांबून नंबर लावतात. तुमचे चौघे तासभर निवांत पोहणार आणि मागे रांग वाढणार. रांगेतल्या बोटी कंटाळून परत जात नाहीत हो. तुमचं झालं की दुसरी, तिचं झालं की तिसरी. शार्कच्या मागे दिवसभर कुणी ना कुणी आहेच.

आणि ती 'सोडून देऊ' म्हणण्याची मोकळीक? ज्याने एकट्याने आख्ख्या बोटीचे पैसे मोजलेत त्याला नाही म्हणणं सोपं, हे मला पटत नाही. माझा अनुभव उलटा आहे. जितकं गिऱ्हाईक मोठं तितकी जी-हुजुरी जास्त.

काडीमास्तर

+१. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

पर्थवासी

मी पर्थला राहते. निंगलू इथून साडेबाराशे किलोमीटर उत्तरेला आहे, त्यामुळे 'आमच्या दाराशी' वगैरे काही नाही. पण जाऊन आलेय, म्हणून थोडं.

हंगाम साधारण मार्च ते जुलै. मार्च-एप्रिलच्या पौर्णिमेनंतर तिथलं प्रवाळ एकाच वेळी अंडी सोडतं, पाण्यात खाद्याची रेलचेल होते, आणि शार्क येतात ते याच सुमारास. वर छोटी विमानं घिरट्या घालतात आणि खालच्या बोटीला रेडिओवर सांगतात, अमुक दिशेला एक आहे. माशाभोवती २५० मीटरचं वर्तुळ धरतात. त्यात एकच बोट, तीही ठरावीक वेळ, आणि माशापासून ३० मीटर लांब. पाण्यात एका वेळी जास्तीत जास्त १० जण. डोक्या-धडापासून ३ मीटर आणि शेपटीपासून ४ मीटर अंतर. हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही, वाट अडवायची नाही. परवाने मोजकेच आहेत. प्रत्येक प्रवाशामागे सरकारला शुल्क जातं, ते तिकिटातच असतं.

आता मला जे दिसलं ते. पहिला मासा शांत होता. तोंडापुढे पिवळ्याधमक अंगावर काळे पट्टे असलेली दुसऱ्या माशांची चिमुकली पिल्लं पोहत होती, पोटाखाली रेमोरा (मोठ्या माशांना चिकटून फिरणारे मासे) चिकटलेले. आमच्या तुकडीतला एक जण डाव्या बाजूने फार जवळ गेला. शार्क पळाला नाही. त्याने नुसतं अंग कलतं केलं आणि पांढरं पोट लपवून पाठ आमच्याकडे केली. पाठीची कातडी दहा सेंटिमीटरपर्यंत जाड असते, म्हणजे ढालच ती. मग तसाच तिरपा खाली गेला आणि दिसेनासा झाला. गाइडने तिथेच सगळ्यांना वर बोलावलं. बोटीत वीस जण होते, कुणाची काय इच्छा आहे ते त्याने विचारलं नाही. त्यामुळे शेअरिंगच्या बोटीत गाइड दबतोच, असं मी म्हणणार नाही.

सागरगोटा

@पर्थवासी, अगदी हेच तर म्हणतेय! तो एक जण जवळ गेलाच कसा? दहांवर नजर ठेवताना निसटला म्हणून. चौघांवर ठेवली असती तर?

पर्थवासी

निसटला कारण त्याच्या हातात गोप्रो कॅमेरा होता. तो प्रायव्हेट बोटीतही निसटला असता.

खिसापाकीट

एवढं ऑस्ट्रेलिया कशाला? फिलिपिन्सला जा. जून २०२५ पासून भारतीयांना १४ दिवस व्हिसाची कटकट नाही. सेबू बेटावर ओस्लोब म्हणून गाव आहे, तिथे शार्क दिसणारच. शंभर टक्के. आम्ही प्रायव्हेट टूर घेतली होती. पहाटे तीनला हॉटेलवरून गाडी, सहाला पाण्यात, मग धबधबा, मग जेवण. निंगलूच्या एका सीटच्या पैशात इथे आख्खं कुटुंब होईल. सासूबाईंनासुद्धा सोपं. किनाऱ्यापासून दोन मिनिटांवर, लाइफ जॅकेट घालून बोटीची काठी धरायची आणि खाली बघायचं.

तळ्यात मळ्यात

शंभर टक्के दिसणारच, कारण त्यांना खायला घालतात. ओस्लोबमधल्या तान-अवानच्या किनाऱ्यालगत कोळी छोट्या होड्यांतून जवळा टाकतात. शार्क होडीखाली उभा राहतो, शेपूट खाली, तोंड वर आ करून, आणि होडीबरोबर सरकत राहतो. २०११ पासून रोज सकाळी हेच. जो मासा हजारो किलोमीटर फिरतो त्यातले काही तिथे महिनोन् महिने मुक्काम ठोकून असतात. फिलिपिन्समधल्याच संशोधकांनी तिथल्या माशांच्या अंगावरचे व्रण नोंदवलेत. होडी म्हणजे खाऊ असं एकदा डोक्यात बसलं की ओस्लोबबाहेरच्या होडीजवळही तो जाणार, आणि त्या होडीला इंजिनाचा पंखा असतो.

आणि तुमची 'प्रायव्हेट टूर' म्हणजे प्रायव्हेट गाडी. पाण्यात सगळे एकाच रांगेत, तीस मिनिटं झाली की बाहेर. धागाकर्तीने हा भेदही लक्षात घ्यावा. बऱ्याच ठिकाणी प्रायव्हेट म्हणून जे विकलं जातं ते रस्त्यावर संपतं.

खिसापाकीट

मान्य, गाडीच प्रायव्हेट होती. पण त्या कोळ्यांचं काय ते बोला. १९९८ मध्ये बंदी येईपर्यंत त्याच समुद्रात लोक हे मासे मारत होते, मांस तैवानला जायचं. आज त्याच भागातले कोळी जिवंत माशावर घर चालवतायत. तिकिटाच्या पैशातला मोठा वाटा कोळ्यांच्या संघटनेला जातो, उरलेला गावाला आणि नगरपालिकेला. आमची होडी वल्हवणारा आधी मासेमारीच करायचा. हल्ली पोरं कॉलेजात आहेत म्हणाला. तुमच्या ३ मीटर ४ मीटरवाल्या निंगलूला किती कोळ्यांची पोरं कॉलेजात गेली?

संशोधक म्हणतात माशाला त्रास होतो. होत असेल. पण पर्याय काय ते कोणी सांगत नाही.

तळ्यात मळ्यात

पर्याय फिलिपिन्समध्येच आहे. डोन्सोल. तिथेही गावकरीच धंदा चालवतात, शार्कला खायला न घालता. एका शार्कमागे एक बोट, सहा जण. अडचण एवढीच की काही वर्षी शार्क भरपूर येतात आणि काही वर्षी फारसे येतच नाहीत. पर्यटकाला ते चालत नाही. त्याला सुट्टी मंगळवारीच असते आणि शार्क मंगळवारीच हवा असतो.

काडीमास्तर

शार्कला आधार कार्डाशी लिंक करा.

पर्थवासी

@काडीमास्तर, झालंय ते. प्रत्येकाच्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात. कल्ल्यांमागच्या ठिपक्यांचा फोटो काढून ओळख पटवतात. त्यासाठी वापरलेली गणिती पद्धत मुळात आकाशातले तारे जुळवण्यासाठी होती. पर्यटकांनी काढलेले फोटोही यात चालतात. म्हणजे पर्यटक अगदीच निरुपयोगी नाहीत.

पाचूबंदरकर

इतका वेळ वाचत होतो. एक सांगा, या माशाला वाचवायला त्याच्यासोबत पोहायला लागतं हे कुणी ठरवलं?

सौराष्ट्रात वेरावळ, सूत्रापाडा, मांगरोळ या पट्ट्यात नव्वदीच्या दशकात हा मासा शेकड्यांनी मारला जायचा. यकृताचं तेल होड्यांना चोपडायचे, मांस बाहेरदेशी जायचं. २००१ मध्ये त्याला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात घातलं. नुसत्या कायद्याने काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. २००४ मध्ये तिथे मोहीम सुरू झाली आणि कथाकार मोरारीबापूंनी लोकांना सांगितलं, ही बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे, हिला मारायचं नाही. त्याच कोळ्यांनी पुढे स्वतःची जाळी कापून शेकडो शार्क सोडले. एकही स्नॉर्केल नाही, एकही गोप्रो नाही.

आपल्या महाराष्ट्रातही डिसेंबर २०१८ पासून संरक्षित जीव जाळं कापून सोडला तर राज्य सरकार जास्तीत जास्त २५ हजार देतं. फोटो, अर्ज, पंचनामा करून. जाळं त्याहून कितीतरी महाग असतं, वर त्या दिवसाची मासळी गेलेली. आमच्या नात्यातल्या एकाच्या जाळ्यात एकदा मोठी मुशी (म्हणजे शार्कच) आली होती, ठिपक्यांची नाही, साधी. तिने केलेली भोकं शिवायला दोन माणसं किती दिवस किनाऱ्यावर बसली होती, ते मला आठवतंय. दहा मीटरचा शार्क आत आला तर शिवायला काही उरतच नाही. तरी सोडतात.

तुमची बोट प्रायव्हेट असो की शेअरिंग, दोन्ही हौस आहे. हौस करा, माझी ना नाही. तिला संवर्धनाचा टिळा लावू नका.

सागरगोटा

@पाचूबंदरकर, टिळा मी लावलाच नव्हता. हौसच आहे. प्रश्न इतकाच की हौस करताना त्रास कमीत कमी कसा होईल. गुजरातचं उदाहरण मोठं आहेच, पण तिथे मला पोहता येत नाही म्हणून मी निंगलूलाही जाऊ नये, हे त्यातून निघत नाही.

@तळ्यात मळ्यात, रांगेचा मुद्दा खरा आहे. पण मोजायचं तर पाण्यातली माणसंही मोजा. आमच्या वेळात माशाशेजारी चार जण आणि गाइड असणार, दहा नव्हे. शिवाय सासूबाईंना वीस जणांच्या घाईत उतरवलं तर काय होईल हे मला दिसतंय. पहिल्या लाटेला मास्क काढतील आणि गाइड त्यांना धरून बोटीकडे. बाकीचे नऊ जण तेवढा वेळ मोकाट.

तळ्यात मळ्यात

मग सासूबाईंनी बोटीवर बसून बघावं. उघड्या समुद्राची सवय नसलेल्याने फक्त पैसे आहेत म्हणून उतरावं, हेच मला खटकतं. खाजगी गाइड इथे कुबडीचं काम करतो. आधी तारकर्लीला चार सकाळी लाटांत पोहून बघा. तिथे गाइड मासे गोळा करायला ब्रेड टाकायला लागला तर त्याला नको म्हणून बघा. तेही जमतंय का ते कळेल.

पर्थवासी

सासूबाईंबद्दल असहमत. तिथे शार्ककडे नेण्याआधी प्रवाळाच्या आतल्या शांत पाण्यात सगळ्यांना एकदा उतरवतात. गाइड तिथेच प्रत्येकाचं पोहणं जोखतात. सत्तरीच्या बायका तिथे मी पाहिल्यात. त्या घाबरत नाहीत, घाबरतात ते तिशीतले, ज्यांनी 'येतं मला' म्हणून फॉर्म भरलेला असतो. सागरगोटा, बोट कुठलीही घ्या, पण बुक करण्याआधी एवढं विचारा: शार्क दिसला नाही तर दुसरी फेरी फुकट देता का? शेअरिंगच्या बऱ्याच बोटी देतात. आख्ख्या बोटीला ती सवलत आहे का ते लेखी घ्या. नसेल तर त्या दिवशी 'सोडून देऊ' म्हणणं गाइडला खरंच जड जाईल, आणि तुम्हालाही.

खिसापाकीट

माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. निंगलूचा पैसा कुणाच्या खिशात जातो?

पर्थवासी

परवानाधारक कंपन्यांच्या. बोटीवरची मुलं बरीचशी हंगामापुरती आलेली, जगभरची. त्या किनाऱ्याचे मूळ रहिवासी म्हणजे बैयुंगु, थलांजी आणि यिनिगुदुरा. किनाऱ्याच्या व्यवस्थापनात आता राज्य सरकारबरोबर त्यांचाही सहभाग आहे. मी गेले त्या बोटीवर मात्र त्यांच्यातलं कुणी नव्हतं.

खिसापाकीट

म्हणजे शार्कला ३ मीटर, आणि ज्यांचा समुद्र आहे त्यांना किनारा. ओस्लोबवर बोलताना हेही धरा.

तळ्यात मळ्यात

धरलं. तरी जवळा टाकणं चूकच.