डोपिंगमध्ये अडकतो खेळाडू. मग क्लब आणि डॉक्टर सुटतात कसे?

मध्यरक्षक

फुटबॉलपटू पॉल पोग्बाची डोपिंगवरून झालेली बंदी कमी झाली तेव्हा 'चला, न्याय मिळाला' म्हणून बहुतेकांनी विषय मिटवला. मला तो मिटलेला वाटत नाही, म्हणून हा धागा.

२० ऑगस्ट २०२३ ला त्याचा इटालियन क्लब युव्हेंटस आणि उदिनेसे यांच्या सामन्यात पोग्बा राखीव खेळाडूंच्या बाकावर होता, मैदानात उतरलाही नाही. सामन्यानंतरच्या चाचणीत डीएचईए हे टेस्टोस्टेरॉन वाढवू शकणारं प्रतिबंधित द्रव्य सापडलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये इटलीतल्या डोपिंगविरोधी लवादाने चार वर्षांची बंदी घातली. ऑक्टोबरमध्ये लोझानच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने ती अठरा महिन्यांवर आणली. फ्लोरिडातल्या एका डॉक्टरने सांगितलेल्या सप्लिमेंटमधून हे द्रव्य शरीरात गेलं, मुद्दाम घेतलेलं नव्हतं, असं लवादाला पटलं. तोवर उमेदीची वर्षं निघून गेली होती. नोव्हेंबरात क्लबबरोबरचा करारही संपला.

याच क्लबची पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट आठवून बघा. १९९८ च्या उन्हाळ्यात रोमा क्लबचे प्रशिक्षक झ्डेनेक झेमन जाहीरपणे म्हणाले, की फुटबॉलने आता औषधांच्या दुकानांतून बाहेर यायला हवं. युव्हेंटसच्या खेळाडूंच्या पिळदार शरीरांबद्दल त्यांनी नावं घेऊन शंका काढली. युव्हेंटसच्याच शहराचे, ट्युरिनचे सरकारी वकील राफाएले ग्वारिनिएल्लो यांनी चौकशी सुरू केली आणि पहिला धक्का भलतीकडूनच बसला. रोमची अक्वा अचेतोसा प्रयोगशाळा इटालियन ऑलिंपिक समितीची. तिथे फुटबॉलपटूंचे नमुने सगळ्या प्रतिबंधित द्रव्यांसाठी तपासलेच जात नव्हते. इटलीच्या लीगमध्ये कोणी सापडत नाही, असं छातीठोकपणे सांगितलं जात होतं. सापडणार कसं, शोधतच कोणी नव्हतं! प्रयोगशाळेला टाळं लागलं, समितीचे अध्यक्ष मारियो पेस्कांते यांना राजीनामा द्यावा लागला. कुंपणच शेत खात होतं.

पुढे खटला उभा राहिला. क्लबच्या जागेत २८१ प्रकारची औषधं सापडल्याचं समोर आलं. धडधाकट, ऐन तारुण्यातल्या माणसांच्या संघाला एवढी औषधं कशाला लागतात, हा प्रश्न मला आजही सुटलेला नाही. नोव्हेंबर २००४ मध्ये क्लबचे डॉक्टर रिकार्दो अग्रिकोला यांना बावीस महिन्यांची शिक्षा झाली, व्यवस्थापक अंतोनियो जिराउदो सुटले. डिसेंबर २००५ मध्ये अपिलात डॉक्टरही सुटले. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका अंशतः रद्द केली, पण एव्हाना खटल्याची कायदेशीर मुदत उलटून गेली होती.

डॉक्टरला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायला सरकारी वकील लागला. हे काम फुटबॉलच्या एकाही संस्थेने केलं नाही, आणि आजही करत नाहीत. सगळा बडगा एका माणसाच्या लघवीच्या बाटलीवर. त्याला तयार करणारे, त्याला दर तीन दिवसांनी मैदानात उतरवणारे, त्याच्या गुडघ्यात सुया टोचणारे सगळे बाहेर. माझं म्हणणं साधं आहे: खेळाडू दोषी ठरला तर क्लबलाही किंमत मोजावी लागली पाहिजे.

रंकाळा

साफ असहमत. तुमच्या मांडणीत तुम्हीच सांगितलेली गोष्ट तुमच्या विरोधात जाते. पोग्बाला सप्लिमेंट क्लबच्या डॉक्टरने दिलं नव्हतं. तो स्वतःहून बाहेरच्या डॉक्टरकडे गेला. मग युव्हेंटसने कसली किंमत मोजायची? त्यांच्याकडून तर एक महागडा खेळाडू गेला.

दुसरं, 'अपिलात सुटले' हे तुम्ही असं लिहिता जणू ती तांत्रिक बाब आहे. अपील न्यायालयाने निर्दोष सोडलं, त्यानंतर कुठल्याही न्यायालयाने दोषी ठरवलं नाही. बस. १९९६ मध्ये रोमला अयाक्सला पेनल्टीवर हरवून जिंकलेला चॅम्पियन्स लीगचा चषक त्या संघाचा आहे आणि त्या खेळाडूंपैकी एकावरही आरोपपत्र नव्हतं. मी तो संघ बघत मोठा झालो. औषधांची संख्या सांगून लोकांच्या मनात विष कालवणं सोपं असतं. त्यातली किती औषधं प्रतिबंधित होती हे कोणी सांगत नाही. स्नायूंच्या ताकदीसाठी घेतल्या जाणाऱ्या क्रिएटिनचा तेव्हा केवढा बभ्रा झाला, पण ते प्रतिबंधित नव्हतंच.

आणि खेळाडू काही बिचारा नसतो. वर्षाला कोट्यवधी कमावणाऱ्या माणसाने आपल्या तोंडात काय जातंय हे बघायलाच हवं. 'मला माहीत नव्हतं' हे एकदा मान्य केलं की उद्यापासून प्रत्येक जण तेच म्हणेल.

प्रयोगशाळेतून

माझं काम औषधांच्या पृथक्करणाचं आहे, खेळाशी थेट संबंध नाही, पण दोघांनाही काही सांगावंसं वाटतं.

रंकाळा, 'तोंडात काय जातंय हे बघायला हवं' हे वाक्य प्रयोगशाळेच्या बाजूने बघितलं की इतकं सरळ राहत नाही. २०११ मध्ये गोल्ड कप सुरू असताना मेक्सिकोच्या पाच खेळाडूंच्या नमुन्यांत क्लेनब्युटेरॉल सापडलं. त्याच वर्षी मेक्सिकोत सतरा वर्षांखालच्यांची विश्वचषक स्पर्धा झाली. तिथे २०८ पैकी १०९ नमुन्यांत तेच निघालं, आणि ते वेगवेगळ्या देशांच्या संघांचे होते. गुरांना वजन वाढवण्यासाठी ते दिलं जात होतं, मुलांच्या पोटात ते मांसातून गेलं. हॉटेलच्या जेवणातला तुकडा कोणता खेळाडू तपासून खाणार? त्या पाच जणांना सोडून दिलं गेलं, कारण एकाच वेळी इतके सापडले. एकटा सापडला असता तर कोणी ऐकून घेतलं असतं का, याची मला शंका आहे.

ममादू साखोचं काय झालं तेही बघा. २०१६ मध्ये लिव्हरपूलकडून युरोपा लीग खेळताना त्याच्या नमुन्यात हायजेनामाइन सापडलं. हे द्रव्य प्रतिबंधित द्रव्यांच्या यादीत नावानिशी नव्हतंच. युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, जुलैत प्रकरण रद्द केलं, पण तोवर युरोपा लीगची अंतिम लढत आणि मायदेशातला युरो चषक दोन्ही हुकले होते. २०२० मध्ये जागतिक डोपिंगविरोधी संस्थेने, म्हणजे वाडाने, त्याची माफी मागितली आणि भरपाई दिली. गेलेला युरो चषक कसा भरून देणार?

मध्यरक्षक, तुमच्याशीही एका बाबतीत माझं जमत नाही. आम्हाला बाटलीत काय आहे ते दिसतं. ते कोणी दिलं हे दिसत नाही, आणि कुठलंही यंत्र ते सांगणार नाही. क्लबला शिक्षा करायची तर पुरावा रसायनशास्त्राच्या बाहेरचा लागेल: नोंदवह्या, बिलं, साक्षी. तो गोळा कोण करणार याचं उत्तर तुमच्या मांडणीत नाही.

बार्सा कट्टर

पुराव्याचाच विषय निघालाय म्हणून लिहितो. मे २००६ मध्ये स्पेनमध्ये पोलिसांचं 'ऑपरेशन पुएर्तो' झालं, माद्रिदच्या डॉक्टर युफेमियानो फुएंतेसकडे रक्ताच्या पिशव्या सापडल्या, खेळाडूचं रक्त काढून ठेवायचं आणि स्पर्धेआधी परत चढवायचं यासाठीच्या. नावं बाहेर आली ती सायकलपटूंची. मग डिसेंबरात फ्रान्सच्या 'ल माँद'ने बार्सिलोना आणि रेआल माद्रिदचा या डॉक्टरशी संबंध जोडला. दोन्ही क्लब न्यायालयात गेले, दोघेही जिंकले. रेआलला तीन लाख युरोंची भरपाई मंजूर झाली. आजही कोणीतरी उठतो आणि 'पुएर्तोमध्ये फुटबॉलवालेही होते म्हणे' असं टाकून देतो. आमच्या क्लबवर आयुष्यभर हा डाग का?

मध्यरक्षक

बार्सा कट्टर, गोष्ट पूर्ण सांगा. ४ ऑक्टोबर २०२४ ला युरोपीय महासंघाच्या न्यायालयाने याच प्रकरणात सांगितलं, की भरपाईच्या अशा निकालाने पत्रकारितेच्या स्वातंत्र्यावर उघड घाला येत असेल, तर दुसऱ्या सदस्य देशाने त्याची अंमलबजावणी नाकारली पाहिजे. तीन लाखांचा आकडा पुढची कितीतरी वर्तमानपत्रं गप्प करायला पुरेसा होता.

बातमी खरी होती असं मी म्हणत नाही. पण २०१३ च्या खटल्यात फुएंतेसने स्वतः सांगितलं, की त्याच्याकडे सायकलपटूंशिवाय फुटबॉलपटू, टेनिसपटू, मुष्टियोद्धेही यायचे. नावं सांगायची तयारी त्याने दाखवली. न्यायालयाने ती विचारली नाहीत! उलट दोनशेहून जास्त रक्ताच्या पिशव्या नष्ट करायचा आदेश दिला. तो पुढे फिरला, २०१६ मध्ये पिशव्या वाडाकडे द्यायचं ठरलं, पण दहा वर्षं उलटल्यावर त्यातून कारवाई कुणावर होणार? तुमच्या क्लबवर डाग नको असेल तर त्या पिशव्या उघडायची मागणी सगळ्यात आधी तुम्ही करायला हवी होती. त्यात फुटबॉलपटू नसतील तर ते तिथेच सिद्ध झालं असतं.

रंकाळा, पोग्बाबद्दलचा तुमचा मुद्दा बिनतोड आहे, तिथे क्लबचा हात दिसत नाही. पण मग हे बघा. २००३ मध्ये रिओ फर्डिनंड मँचेस्टर युनायटेडच्या कॅरिंग्टनच्या सराव मैदानावरून चाचणी न देता निघून गेला. आठ महिने बंदी, पन्नास हजार पौंड दंड, २००४ चा युरो चषक गेला. २०१७ मध्ये मँचेस्टर सिटीला दंड झाला, कारण चाचणी घेणाऱ्यांना खेळाडू कुठे सापडतील याची बरोबर माहिती क्लबने बारा महिन्यांत तीनदा दिली नव्हती. दंड किती? पस्तीस हजार पौंड. एकटा खेळाडू एकदा चुकला तर पन्नास हजार आणि आठ महिने, जगातला एक गडगंज क्लब तीनदा चुकला तर पस्तीस हजार. हे ज्यांना समतोल वाटतं त्यांच्याशी काय बोलावं मला कळत नाही.

सव्वा_तीनचा_सामना

हे सगळं वाचून एवढंच वाटतं की ज्यांच्याकडून क्लबवर कारवाईची अपेक्षा आहे ते कोण आहेत हे विसरू नये. २७ मे २०१५ ला झुरिकच्या हॉटेलातून पहाटे फिफाच्या अधिकाऱ्यांना पोलिसांनी उचललं. अमेरिकेच्या आरोपपत्रात चोवीस वर्षांतली पंधरा कोटी डॉलरहून जास्त लाच होती. २०१४ च्या विश्वचषकातल्या रशियन संघावर डोपिंगचे आरोप झाले, आणि मे २०१८ मध्ये, म्हणजे रशियातली स्पर्धा तोंडावर असताना, फिफाने पुरेसा पुरावा नाही म्हणून चौकशी बंद केली. यजमान देशाच्या संघाची चौकशी स्पर्धेचा मालकच करणार! निकाल कदाचित बरोबरही असेल, पण त्यावर विश्वास ठेवायला मी तयार नाही.

रंकाळा

लाचखोरी आणि डोपिंग ही दोन प्रकरणं आहेत, त्यांची मोट बांधू नका. फिफाचे अधिकारी प्रक्षेपण हक्कांसाठी पैसे खात होते, म्हणून ट्युरिनचा डॉक्टर दोषी ठरत नाही.

काळा कोट

रंकाळा, इटलीत कायद्यानेच ती मोट बांधली होती. अग्रिकोलांवर खटला भरला तेव्हाच्या घटना १९९४ ते १९९८ च्या. डोपिंग हा गुन्हा ठरवणारा इटलीचा कायदा आला २००० साली. मागच्या तारखेने तो लावता येईना. म्हणून १९८९ चा 'क्रीडा फसवणूक' कायदा वापरला, जो मुळात सामने विकण्याविरुद्ध केला होता. खेळाडूला औषध देणं म्हणजे निकालात लबाडी करणं आहे का, यावरच सगळी वकिली झाली. न्यायालयांची मतं बदलत गेली ती मुख्यतः इथे. तेव्हा सुटका ही निव्वळ 'काही घडलंच नाही' अशी नव्हती आणि मध्यरक्षक सुचवतात तशी निव्वळ तांत्रिकही नव्हती. कायदा नसताना शिक्षा द्यायची नाही, हे तत्त्व मला कुठल्याही चषकापेक्षा मोलाचं वाटतं.

क्लबच्या शिक्षेबद्दल: वाडाच्या संहितेत अकरावं कलम सांघिक खेळांसाठी आहे. एका स्पर्धेच्या काळात एकाच संघाचे दोनपेक्षा जास्त खेळाडू दोषी ठरले तर संघावरही कारवाई करावी लागते, गुण काढणं किंवा बाद करणं. म्हणजे तरतूद आहे. पण तीन जण सापडेपर्यंत क्लब निर्धास्त.

मध्यरक्षक

काळा कोट, आभार, तीन हा आकडाच मला खुपतो. अकरा जणांच्या संघात दोन जण औषधावर असले तर सामना फिरतो. माझी मागणी नेमकी करतो. एक जण दोषी ठरला की त्या हंगामात पूर्ण चमूची चाचणी. आणि क्लबच्या डॉक्टरने दिलेलं प्रत्येक औषध, प्रत्येक इंजेक्शन एका बाहेरच्या संस्थेकडे नोंदलेलं असलं पाहिजे. प्रयोगशाळेतून, तुम्ही म्हणालात तो रसायनशास्त्राच्या बाहेरचा पुरावा असाच तयार होईल.

प्रयोगशाळेतून

नोंदीला माझा पाठिंबा, पण रुग्णाची गुप्तता सांभाळून. खेळाडूलाही नैराश्यावरची गोळी गुपचूप घ्यायचा हक्क आहे. ती यादी क्लबच्या मालकाच्या किंवा वर्तमानपत्राच्या हाती लागली तर पुढच्या करारात त्याची किंमत खेळाडूच मोजेल.

रंकाळा

पूर्ण चमूची चाचणी मला चालेल, माझ्या संघाने ती आनंदाने द्यावी. नोंदवहीही ठेवा. पण त्या बदल्यात खेळाडूची शिक्षा सौम्य करायची असेल तर माझा विरोध कायम आहे. बाहेरच्या डॉक्टरकडून आणलेली गोष्ट क्लबच्या वहीत येणार नाही, आणि पोग्बाचं प्रकरण नेमकं तसंच होतं. त्याला तुमची नोंदवही कशी पकडणार होती ते सांगा, मग पुढे बोलू.