चंपाषष्ठीला घरी तळी कशी भरायची?

नमस्कार. आमचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. तळी गावी काका भरायचे, आम्ही पोरं नुसती 'येळकोट' ओरडायचो. यंदा बंगळुरूत आम्ही तिघंच, मुलगा सात वर्षांचा. तळी पाच पुरुषांनी उचलायची म्हणतात, ते कुठून आणू? आईचं ताम्हण आणलंय, त्याच्या काठाला भंडाऱ्याचा, म्हणजे देवाच्या हळदीचा, पिवळा डाग अजून तसाच आहे. चुकायला नको.

प्रतिसाद १
ताम्हणात विड्याची पानं, सुपारी, पैसा, खोबरं आणि भंडारा. सगळ्यांनी हात लावून 'सदानंदाचा येळकोट' म्हणत तीनदा उचलायचं. मग भंडारा कपाळी लावून खोबरं वाटायचं. आमच्याकडे बाबा गेल्यापासून मी, आई आणि बहीण उचलतो. देवाशेजारी त्याच्या बायका आहेतच, म्हाळसा आहे, बानू आहे. बायकांचा हात कसा चालणार नाही?

प्रतिसाद २
नैवेद्याला वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा. चातुर्मासात सोडलेली वांगी आमच्याकडे त्या दिवशीच परत ताटात येतात. वांगं आचेवर भाजा, साल काळी पडून तडकेपर्यंत. कुत्र्याला घास काढून ठेवा, तो देवाचा सोबती. आणि मुलाला मणी आणि मल्ल या दैत्यांची गोष्ट सांगा. देवाने त्यांना मारलं तो हा दिवस, मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी. मणीने शरण येऊन देवाजवळ जागा मागितली, हे मला लहानपणी फार आवडायचं.

प्रश्नकर्ता
खूप आभार. मुलाला विचारलं, तो ताम्हण दोन्ही हातांनी धरणार म्हणतोय. येळकोट येळकोट जय मल्हार!