वनखात्याच्या कार्य आयोजनेत फोर बाय फोर वाटांची मागणी कशी मांडायची? (पुणे)

मुरूमवाट:
भोर आणि पुरंदर तालुक्यांतल्या पाच जुन्या गाडीवाटा फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या) गाड्यांसाठी वनखात्याच्या कार्य आयोजनेत, म्हणजे जंगलाच्या व्यवस्थापनाच्या आराखड्यात, अधिकृतपणे नोंदवून घ्यायच्या आहेत. एकूण लांबी 38 किलोमीटर. पाचही वाटा आधीपासूनच्या आहेत, नवी एकही पाडायची नाही. जीपीएक्स ट्रॅक (जीपीएसने नोंदवलेल्या वाटांच्या फाइली) तयार आहेत. निवेदन नक्की कुणाकडे द्यायचं, सोबत काय जोडायचं आणि अशी मागणी कुठे अडकते? 'ऑफरोडिंगला परवानगी मिळावी ही विनंती' असल्या एकपानी पत्राला आवक क्रमांकापलीकडे काही मिळत नाही, तेवढं ठाऊक आहे.

जाळरेषा:
पत्र नंतर, आधी जमीन. 38 किलोमीटर सगळी वनजमीन नसणार. ट्रॅक गाव नकाशावर टाका आणि गटवार तुकडे पाडा: राखीव वन, संरक्षित वन, गायरान, खाजगी, पाणंद. पाणंदीचा भाग तहसीलदारांच्या अखत्यारीत येतो, तो वनखात्याच्या अर्जातून काढा. सातबाऱ्यावर 'वन' दिसत नाही म्हणून मोकळं समजू नका, भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 4 (राखीव वन करण्याचा इरादा) किंवा 20 (राखीव वन जाहीर करणं) ची अधिसूचना आहे का ते शोधा. राखीव वनात विनापरवाना शिरणं हा कलम 26 खाली गुन्हा आहे, त्यामुळे 'आम्ही वर्षानुवर्षं जातोय' हे वाक्य मसुद्यात असेल तर आजच खोडा. तो तुमचा दावा नाही, कबुलीजबाब आहे.

वनजमिनीच्या प्रत्येक तुकड्यापुढे कक्ष क्रमांक, नियतक्षेत्र, परिमंडळ आणि वनपरिक्षेत्र लिहा (वनखात्याचे लहानापासून मोठ्यापर्यंतचे हद्दीचे भाग). वनखात्यात जागा कक्ष क्रमांकावरून ओळखतात. 'अमुक किल्ल्यामागची वाट' असं लिहिलंत तर फाइल 'स्थळ स्पष्ट करा' म्हणून परत येईल.

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक वन विभागाची कार्य आयोजना साधारण 10 वर्षांसाठी असते. ती प्रादेशिक उपवनसंरक्षक लिहीत नाहीत, कार्य आयोजनेचं कार्यालय वेगळं असतं. म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज टाका. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराची मुदत 30 दिवस. त्यात एवढंच मागा: चालू आयोजना कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत आहे, नव्या आयोजनेचा प्राथमिक अहवाल झाला का, आणि निसर्ग पर्यटनाच्या प्रकरणाची व नकाशाची प्रत. पुनर्लेखन सुरू असेल तर निवेदन दोन्हीकडे द्या, कार्य आयोजना अधिकारी आणि उपवनसंरक्षक, आणि वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना प्रत. प्रत्यक्ष पाहणीला तेच येणार.

आयोजनेत नाव येण्याला एवढं महत्त्व का? 1980 च्या वन संवर्धन कायद्यातली दुरुस्ती 1 डिसेंबर 2023 पासून लागू झाली. कार्य आयोजनेत समाविष्ट असलेल्या निसर्ग पर्यटनाच्या सुविधा त्यानंतर 'वनेतर वापर' (ज्याला केंद्राची मंजुरी लागते) धरल्या जात नाहीत. पण हे कलम ताणू नका. वाट रुंद करणं, मुरूम टाकणं, मोरी बांधणं यातलं काहीही मागितलंत की अर्ज वेगळ्याच, वनेतर वापराच्या मंजुरीच्या रांगेत जातो. 'वाट आहे तशी, रुंदी आहे तेवढी' हे शब्द मसुद्यात हवेतच.

आणि अभयारण्यं यात मिसळू नका. ताम्हिणी, भीमाशंकर आणि मयूरेश्वर इथे वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 ची कलमं 27 आणि 28 (प्रवेशावरचे निर्बंध आणि परवाना) लागतात. तिथल्या गुन्ह्यात जप्त झालेली गाडी कलम 39 प्रमाणे सरकारजमा होऊ शकते.

माळरान:
भोरच्या वाटांबद्दल मी बोलत नाही. पुरंदरच्या बाजूच्या वाटा माळावरून जात असतील तर मात्र माझा विरोध आहे, आणि तुम्ही त्या स्वतःहून वगळाव्यात.

माळ रिकामा दिसतो, तिथेच फसगत होते. हिवाळ्यात लांडग्यांची पिल्लं बिळात असतात. फेब्रुवारीनंतर चंडोल, भाट तित्तर, टिटवी जमिनीवरच अंडी घालतात, आणि ती अंडी मुरमाच्या रंगाची असतात, चालकाला दिसणार नाहीत. पावसाळ्यात लाव्यांची घरटी. म्हणजे गाडीसाठी मोकळा असा महिना माळावर शिल्लकच राहत नाही.

दुसरं, माळावर गाडीला अडवायला काही नसतं. चाकोरीत पाणी साचलं की पुढचा चालक गाडी बाजूने घालतो, त्याच्या पुढचा आणखी बाजूने. अडीच मीटरची वाट दोन मोसमांत सहा मीटरची होते. टायरच्या खाचांतल्या चिखलातून गाजर गवताचं बी येतं ते वेगळंच.

दाखला हवा असेल तर परदेशात जाऊ नका. इंदापूरच्या कडबनवाडीत आणि बारामतीच्या शिरसुफळला वन विभागाची गवताळ सफारी आहे: ठरलेला मार्ग, नोंदणी, सोबत स्थानिक मार्गदर्शक. विभागाला ओळखीची चौकट ही आहे. तुमची मागणी त्याच चौकटीत बसवा.

घाटपाणी:
माळरान यांच्याशी सहमत. एक भर: परदेशी दाखल्यांतला एक उपयोगी पडतो. अमेरिकेच्या वन सेवेने 2005 च्या नियमाने उलटा हिशोब लावला: नकाशावर जी वाट मोटारींसाठी खुली दाखवलीय तीच खुली, बाकी सगळं बंद. तुम्हीही 'या वाटा सोडून बाकी सर्वत्र बंदी असावी, त्याला आमचा पाठिंबा आहे' असं लेखी द्या. अधिकाऱ्याला भीती एका वाटेची नसते. तिच्या आडून फुटणाऱ्या दहा वाटांची असते.

सोबत काय जोडायचं: दर 100 मीटरला फोटो, रुंदी, चढ टक्क्यांत, जमिनीचा प्रकार, ओढा ओलांडण्याच्या जागा. जिथे चढ 15 टक्क्यांच्या वर आहे आणि पाणी वाटेवरूनच वाहतं तो तुकडा लाल दाखवा, लपवू नका. पाणी बाजूला काढायला तिरके उंचवटे लागतात. त्यांच्यातलं अंतर ढोबळमानाने 300 भागिले चढाचे टक्के, उत्तर मीटरमध्ये. 10 टक्के चढाला दर 30 मीटरला एक, 15 टक्क्यांना दर 20 मीटरला. हे काम विभागानेच करायचं, तुम्ही खर्च आणि श्रमदान देऊ करा. स्वतः फावडं घेऊन गेलात तर तोही गुन्हाच.

कालावधी नोव्हेंबर ते 14 फेब्रुवारी एवढाच मागा. आधी जमीन ओली असते, आणि 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम. बीएस सहा (प्रदूषणाचे सध्याचे निकष) डिझेल गाड्यांचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी गाळणी, स्वतःला साफ करताना आतलं तापमान 550 अंशांच्या वर जातं. दोन चाकोऱ्यांमधलं वाळलं गवत गाडीच्या पोटाला घासत असेल तर ठिणगीचीही गरज नाही. अशा ठिकाणी गाडी उभी करायची नाही, प्रत्येक गाडीत अग्निशामक असलाच पाहिजे, आणि थांबा फक्त उघड्या खडकावर.

बाकी अटी स्वतःच लिहून द्या: एका वेळी सहा गाड्या, ताशी 20 किलोमीटर, टायरमध्ये 18 ते 20 पीएसआय (हवा कमी असली की चाक घसरत नाही, माती कमी उकरली जाते, पण डांबरीवर यायच्या आधी पुन्हा भरा), विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं दोराचं यंत्र) झाडाला बांधायचा नाही. अवकाळी पाऊस झाला आणि चाकाची खूण 5 सेंटिमीटरपेक्षा खोल उमटली तर वाट बंद, आणि ती बंद करण्याचा अधिकार वनरक्षकाला. 'स्पर्धा नाही, वेळ मोजणार नाही' हेही घाला. शर्यत आणि वेगचाचणी सहसा वाहन विम्याच्या बाहेर असते, आणि विम्याची प्रत विभाग मागणारच.

मुरूमवाट:
पुरंदरच्या दोन वाटा माळावरच्याच आहेत, काढल्या. भोरच्या तीन उरतात, 21 किलोमीटर. आता ग्रामसभेचा ठराव आधी घ्यायचा की अर्ज आधी?

जाळरेषा:
ठराव आधी. गावाला सामूहिक वनहक्क मिळालेला असेल तर त्या जंगलाचं व्यवस्थापन 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेकडे आहे, मग ठरावाशिवाय पुढे सरकूच नका. नसेल तर संयुक्त वन व्यवस्थापन समितीकडे जा. ठरावात 'हरकत नाही' एवढंच नको. कोणती वाट, कोणते महिने, दर गाडी किती शुल्क, ते कोणत्या खात्यात, सोबत मार्गदर्शक कुणी जायचं आणि गुरं चरायला असतात त्या वेळी गाड्या कुठे थांबतील, हे सगळं लिहून घ्या. शेवटचा मुद्दा सभेत हमखास निघतो, उत्तर तयार ठेवा. तीन गावं असतील तर तीन ठराव. एका गावाचा ठराव दुसऱ्याच्या हद्दीत चालत नाही.

माळरान:
आणि जीपीएक्स फाइली ठराव होईपर्यंत कुठेही टाकू नका. आधी टाकल्या असतील तर उतरवा.