मदत हवी आहे : पाचवीतील मुलीसाठी इंग्रजी व्याकरणाचा क्रम

माझी भाची गोव्यातील सत्तरी तालुक्यातील मराठी प्राथमिक शाळेतून चौथी उत्तीर्ण होऊन यंदा इंग्रजी माध्यमाच्या पाचवीत गेली असून विज्ञान आणि गणितही तिला आता इंग्रजीतूनच शिकावे लागते. तिला वाचता येते, धड्यातील शब्दांचे अर्थही ती पाठ करते. परंतु स्वतःचे वाक्य लिहिताना ती अडते. इंग्रजीतील 'अ', 'अॅन' आणि 'द' या उपपदांना मराठीत थेट प्रतिरूप नसल्यामुळे ती ते गाळते. 'मी त्याला काल पाहिले आहे' हे मराठीत चालते, म्हणून ती 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' असेच लिहिते; इंग्रजीत मात्र येथे साधा भूतकाळ ('आय सॉ हिम यस्टरडे') लागतो. काळांचे तक्ते आम्ही पाठ करून घेतले, पण लेखनात त्यांचा उपयोग झाला नाही. मायकल वेस्ट यांची १९५३ची इंग्रजीतील नेहमीच्या सुमारे २,००० शब्दांची यादीही पाहिली. ती उपयुक्त आहे, तरी 'इव्हॅपोरेशन' (बाष्पीभवन), 'डिनॉमिनेटर' (छेद) यांसारख्या विषयांच्या शब्दांसाठी ती पुरेशी नाही.

घरी रोज संध्याकाळी अर्धा तास मीच शिकवतो, शिकवणी शक्य नाही आणि गावात नेटचा भरवसा नसल्याने छापील साहित्यच हवे. अशा मुलीला आधी साधा भूतकाळ पक्का करून द्यावा की 'अ' आणि 'द' यांपासून सुरुवात करावी, आणि विषयांचे शब्द वाक्यांतून शिकवणारी, मराठीत स्पष्टीकरण असलेली कोणती सरावपुस्तिका आपण स्वतः वापरली आहे?