मदत हवी आहे: लायसन्स हरवलं, आणि सारथीवर त्याची नोंदच नाही

कोरांटी:
नमस्कार मंडळी. माझं लायसन्स पर्ससकट गेलं. 2006 सालचं, हाताने लिहिलेलं, पुस्तिकेच्या रूपातलं. पोलिसांचा गहाळ झाल्याचा दाखला काढला. मग डुप्लिकेटसाठी परिवहन खात्याच्या सारथी या साइटवर नंबर टाकला तर तपशील उपलब्ध नाही असं येतं. लग्नानंतर जिल्हा बदलला, त्यामुळे आधी इथल्या आरटीओत विचारलं. ते म्हणाले, मूळ कार्यालयात जा. मूळ कार्यालयात खिडकीवरच्या माणसाने संगणकात बघितलं आणि "तुमचं नाव नाही, नवीन काढून टाका" म्हणून पुढच्याला हाक मारली. बाहेरचा एजंट "बॅकलॉग करून देतो" म्हणतोय. त्याने सांगितलेली रक्कम इथे लिहीत नाही.
हाताशी फक्त डायरीत लिहिलेला लायसन्स नंबर आहे. झेरॉक्स नाही. आधी स्कूटर होती, नंतर त्याच लायसन्सवर कार चढवून घेतली होती. आता काय करू?

वळणवाट:
नंबर कसा टाकलात? जुन्या पुस्तिकेवर कार्यालयाचा कोड, क्रमांक आणि सालाचे शेवटचे दोन आकडे तिरक्या रेघा मारून लिहिलेले असायचे. सारथीला तो तसा चालत नाही. एमएच, कार्यालयाचे दोन आकडे, मग साल पूर्ण चार आकडी, मग क्रमांक सात आकडी. म्हणजे क्रमांक 5432 असेल तर तो 0005432 होतो आणि शेवटचे अकरा आकडे 20060005432. जन्मतारीखही नोंदीतल्याशी जुळावी लागते. ती भरताना चुकलेली असेल तरी हाच निरोप येतो.

दगडफूल:
ताई, कशाला डोक्याला ताप? लर्निंग काढा, 30 दिवस थांबा, टेस्ट द्या, मोकळ्या व्हा. गाडी येतेच ना तुम्हाला.

कोरांटी:
वळणवाट, शून्यं लावून पाहिलं, नाही येत. दगडफूल, तेही करेन, पण वीस वर्षं असलेलं लायसन्स नव्हतंच असं का मानायचं?

टाकदौत:
मी याच खात्यातून निवृत्त झालो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.
नोंद सारथीवर नाही याचा अर्थ नोंद नाही असा होत नाही. तेव्हाच्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 26 प्रमाणे राज्याला लायसन्सची नोंदवही ठेवावीच लागायची. नाव, पत्ता, क्रमांक, दिल्याची तारीख, मुदत, वाहनाचा वर्ग, सगळं त्यात असतं. हाताने भरलेल्या नोंदी नंतर संगणकावर चढवल्या गेल्या आणि त्यात पुष्कळ सुटल्या. सुटलेली नोंद मागाहून चढवणं म्हणजेच बॅकलॉग. तो मूळ कार्यालयच करतं आणि मूळ नोंद डोळ्यांनी बघितल्याशिवाय करत नाही. लोक याला आडमुठेपणा म्हणतात, मला ते योग्यच वाटतं. नुसत्या डायरीतल्या नंबरावर नोंदी चढवायला लागलो तर उद्या कुणीही कुठलाही नंबर घेऊन येईल.
आता खरी अडचण. ही रजिस्टरं नावाच्या क्रमाने लावलेली नसतात, तारखेच्या आणि क्रमांकाच्या क्रमाने असतात. खिडकीवर नाव सांगितलंत तर तो बिचारा संगणकच बघणार. तुम्हाला लायसन्स दिल्याची तारीख, निदान महिना शोधायला हवा. तारीख दिलीत तर पान उघडायला वेळ लागत नाही. नाही दिलीत तर गोदामातले गठ्ठे कुणी सोडणार नाही.
आणि तोंडी विचारू नका. लेखी अर्ज द्या, सोबत पोलिसांचा दाखला, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा. आवक शिक्का मारलेली पोच घ्या. पोच हातात असली की "नाही सापडत" हेसुद्धा त्यांना लिहून द्यावं लागतं.
मधल्या काळात त्या कार्यालयाची हद्द विभागली असेल तर जुनी रजिस्टरं कुठे आहेत तेही विचारा. कराडला एमएच 50 मिळाला त्याआधीची तिथल्या लोकांची लायसन्स साताऱ्याच्या एमएच 11 ची असायची, असे प्रकार बऱ्याच ठिकाणी आहेत.

पानगळ:
तारखेसाठी बँकेत विचारा! त्या काळात खातं उघडताना ओळखीचा पुरावा म्हणून लायसन्सची झेरॉक्स दिली असेल तर ती शाखेच्या फाइलमध्ये असायला हवी. खातं चालू असेपर्यंत आणि बंद झाल्यावरही पाच वर्षं बँकेला ही कागदपत्रं सांभाळावी लागतात. पहिल्या नोकरीच्या फाइलमध्येही बघा.
कार्यालयाने दाद दिली नाही तर माहिती अधिकार. दहा रुपये शुल्क, उत्तराला 30 दिवस. अर्जात "माझं लायसन्स का सापडत नाही" असं विचारू नका, त्याला उत्तर येत नाही. अमुक महिन्याच्या रजिस्टरमधल्या माझ्या नोंदीची साक्षांकित प्रत द्या, आणि रजिस्टर नष्ट केलं असेल तर त्या आदेशाची प्रत द्या, असं मागा. रजिस्टरची पाहणीही मागता येते. समोर बसून स्वतः पानं उलटता येतात.

वळणवाट:
दगडफूलराव म्हणतात ती टेस्ट मुदत टळून गेली तर द्यावीच लागेल, तेव्हा मुदत बघा. लायसन्स काढलंत तेव्हा वय काय होतं?

कोरांटी:
21 पूर्ण.

वळणवाट:
मग जुन्या नियमाने वीस वर्षं किंवा पन्नाशी, जे आधी येईल ते. म्हणजे 2026. मुदत संपण्याआधी वर्षभर आणि संपल्यानंतर वर्षभर नूतनीकरण होतं. त्यानंतर 2019 च्या दुरुस्तीप्रमाणे टेस्ट द्यावीच लागते. तेव्हा बॅकलॉग त्याआधी झाला तर धावपळीचा उपयोग आहे. चाळिशी ओलांडली की नूतनीकरणाला डॉक्टरांचा 1ए फॉर्म लागतो, तो तयार ठेवा.
तोवर गाडी चालवू नका हे सांगायला नको. लायसन्स नसल्याचा दंड 5000 आहे, पण त्याहून वाईट म्हणजे काही झालं तर विमा कंपनी पहिलं लायसन्स मागते.

कोरांटी:
अपडेट देते. पानगळ, तुम्हाला मनापासून धन्यवाद! बँकेत पहिल्या पानाची झेरॉक्स मिळाली, तारखेसकट. ती जोडून लेखी अर्ज दिला. यावेळी दुसरे गृहस्थ होते, त्यांनी नीट वाचला आणि रजिस्टर काढायला लावलं. नोंद आहे! बॅकलॉग करतो म्हणाले. माहिती अधिकाराची वेळ आली नाही.
पण नोंदीत फक्त गिअरची दुचाकी आहे. कार मी 2009 च्या सुमाराला चढवली, ती वेगळ्या रजिस्टरला असेल म्हणतात, आणि माझ्या झेरॉक्सवर ते पान नाही. कारसाठीही असंच भांडू का?

टाकदौत:
अभिनंदन. आधी दुचाकीची नोंद चढू द्या, ती कारसाठी अडवून ठेवू नका. दोन्ही एकत्र मागितलंत तर दोन्ही लटकेल. नोंद सारथीवर दिसली की डुप्लिकेट आणि नूतनीकरण यांचे अर्ज ऑनलाइन भरता येतील.
कारची तारीख तुम्हाला साधारणच आठवतेय. महिना पक्का असता तर लढा म्हटलं असतं. ड्रायव्हिंग स्कूलमधून शिकला असाल तर तिथे एकदा विचारा, फी भरल्याची पावती मिळाली तर महिना कळेल. नाही मिळाली तर कारसाठी नवीन लर्निंग काढा आणि 30 दिवसांनी टेस्ट देऊन तो वर्ग याच लायसन्सवर चढवून घ्या. टेस्टच्या आधी रिव्हर्सचा सराव करा, जुने चालक तिथेच नापास होतात.

दगडफूल:
म्हणजे शेवटी अर्धं माझंच ऐकलं की.