डोळ्यातली सुई टळावी म्हणून नॅनो थेंबांवर जोर द्यावा का?

सुलेखा_नाशिक
आईच्या डोळ्याच्या पडद्याला मधुमेहामुळे सूज आहे. वर्षभर दर महिना-दीड महिन्याला डोळ्यात इंजेक्शन चालू आहे. आधी सुन्न करणारे थेंब, मग बीटाडीन, पापण्या ताणून धरणारा चिमटा, आणि बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर सुई. फार दुखत नाही म्हणते, पण आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही तिचा. जाताना रिक्षात माझा हात सोडत नाही.

म्हणून माझं ठाम मत आहे की नॅनोकणांतून, म्हणजे अतिसूक्ष्म कणांतून, थेंबावाटे औषध पोचवण्याच्या संशोधनाला आधी पैसा मिळायला हवा. साध्या थेंबातलं ५ टक्क्यांहूनही कमी औषध डोळ्याच्या आत शिरतं. बाकीचं गालावर ओघळतं नाहीतर नाकात उतरतं. थेंब घातल्यावर घशाला कडू लागतं, ते हेच. उरलेल्याची वाट कॉर्निया, म्हणजे डोळ्याची पुढची पारदर्शक काच, अडवतो: त्याच्या वरच्या थरातून तेलात विरघळणारं औषध जातं, मधल्यातून पाण्यात विरघळणारं. दोन्ही साधणं अवघड. नॅनोकणांत गुंडाळलेलं औषध जास्त वेळ टिकून राहतं आणि आत झिरपतं. मुंबईच्या सन फार्माच्या 'सिक्वा' या थेंबांना अमेरिकेत २०१८ मध्ये मंजुरी मिळाली. त्यातलं सायक्लोस्पोरिन हे औषध पाण्यात जवळपास विरघळतच नाही, पण नॅनोमायसेलमुळे, म्हणजे औषध पोटात धरणाऱ्या सूक्ष्म गोळ्यांमुळे, त्याचा स्वच्छ थेंब झाला. म्हणजे हे सगळं आता कागदावरचं राहिलेलं नाही.

फार्मसीचा_मास्तर
सुलेखाताई, आईंची तगमग समजते. पण सिक्वा कोरड्या डोळ्यांसाठी आहे, त्याचं काम पृष्ठभागावरच. तुमचा प्रश्न मागच्या पडद्याचा. महादरवाजा ओलांडला म्हणजे बालेकिल्ला हाती आला असं होत नाही. अशा सुजेवर डोळ्यात टोचतात ती बेव्हासिझुमॅबसारखी प्रतिपिंडं (मोठी प्रथिनं) काचबिंदूच्या थेंबांतल्या टिमोलॉलच्या रेणूपेक्षा साडेचारशे पटींहून जड असतात. असं धूड थेंबातून पडद्यापर्यंत नेणं ही वेगळीच गोष्ट आहे.

शिवाय प्रयोगशाळेतले सुंदर आकडे बहुतेक सशांच्या डोळ्यांतले. ससा तासाला मोजक्याच वेळा पापणी मिटतो, आपण मिनिटाला पंधराएक वेळा. सशाच्या डोळ्यात औषध टिकलं म्हणून ते आईंच्या डोळ्यात तेवढंच टिकेल असं मी विद्यार्थ्यांना कधीच सांगत नाही. आज नजर वाचवते आहे ती सुई. तिच्याबद्दल मनात अढी बसली आणि एखाद्याने तारीख चुकवली, तर गेलेली नजर परत येत नाही.

काचबिंदू_१४_वर्षं
मास्तर, सगळं पडद्यावरच का मोजायचं? मला काचबिंदू आहे. औषध डोळ्याच्या पुढच्या भागातच हवं असतं. सकाळ-संध्याकाळ थेंब, जन्मभर. प्रवासात बाटली विसरली की पोटात गोळा येतो. थेंब खराब होऊ नयेत म्हणून बाटलीत घातलेल्या बेन्झाल्कोनियमने डोळे लाल होऊन चुरचुरतात ते वेगळंच. आठवडाभर औषध सोडत राहणारे कण कुणी दिले, तर माझ्यासारख्यांची नजर टिकेल. वय झालेल्या, हात थरथरणाऱ्या माणसाला रोज दोनदा नेम धरायला लावणं हा काही उपचार नाही.

साताऱ्याची_ऑप्टोमेट्रिस्ट
मला दोन्ही बाजू अर्ध्या वाटतात. शिबिरात रोज बघते: थेंब पापणीवर पडतो, लोक तीन-तीन थेंब ओततात, लगेच डोळे मिचकावतात. पापणीखालच्या खोबणीत फार तर ३० मायक्रोलिटर मावतं, म्हणजे एका थेंबातच ती भरते. दुसरा थेंब सरळ वाया. खालची पापणी ओढून एकच थेंब टाका, डोळा हलकेच मिटा, नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरा. फुकटात औषध जास्त पोचतं, आणि टिमोलॉलने दमेकऱ्याला होणारा त्रासही कमी होतो.

आणि पैशाचं बोला. कॅन्सरच्या औषधाच्या मोठ्या कुपीतून छोटे डोस काढून वापरतात, म्हणून बेव्हासिझुमॅब गरिबाला परवडतं. पेटंटचे नॅनो थेंब आले तर ते कुणाच्या डोळ्यात पडणार? आधी प्रत्येक मधुमेहीचा पडदा वर्षातून एकदा तपासा. आमच्याकडे माणूस येतो तो एका डोळ्याने दिसेनासं झाल्यावर.

सुलेखा_नाशिक
ताई, कोपरा दाबायचं आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. आजपासून करू.

मास्तर, आइसलँडच्या दोन प्राध्यापकांनी सायक्लोडेक्स्ट्रिन या साखरेपासूनच्या पदार्थाच्या कणांतून डेक्सामेथासोनचे थेंब बनवले. ते याच सुजेसाठी, माणसांवरच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्यांपर्यंत पोचले. हे ससे नव्हेत.

फार्मसीचा_मास्तर
मान्य, आणि तो प्रयत्न मोलाचा आहे. पण डेक्सामेथासोन छोटा रेणू आहे, स्टेरॉइड आहे. स्टेरॉइडने डोळ्याचा दाब वाढतो, मोतीबिंदू लवकर येतो. प्रतिपिंडाची जागा ते घेत नाही.

सुलेखा_नाशिक
आईला दाबाचा त्रास आहे की नाही, हे गुरुवारी डॉक्टरांना विचारते. इंजेक्शन चुकवणार नाही, मास्तर. पण तिचं वय ७१ आहे. तिच्या हयातीत थेंब यावेत एवढी घाई मला आहेच, आणि ती मी सोडणार नाही.